इंग्रजी म्हणी पाठ होतात पण कळत नाहीत, त्याचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की स्पर्धा परीक्षेसाठी तुम्ही एका पीडीएफमधून दीडदोनशे इंग्रजी म्हणी पाठ केल्यात, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. तरी पेपरात 'इट्स ॲन इल विंड दॅट ब्लोज नोबडी एनी गुड' आली, तुम्ही 'वाईट वाऱ्याने कोणाचंच भलं होत नाही' या पर्यायावर टिक केली आणि ते उत्तर चुकलं. आता तुम्हाला कळत नाहीये की वाक्यात सरळसरळ जे लिहिलंय तेच निवडलं तर चुकलं कुठे. शिवाय मुलगी बारावीला आहे, तिलाही हे समजावून सांगायचंय.

मी ज्युनियर कॉलेजला बरीच वर्षं इंग्रजी शिकवतेय आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे तासही घेते. हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि येणाऱ्याने अभ्यास केलेला असतो, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. माझं म्हणणं एवढंच आहे की म्हणीचा अर्थ तिच्या मराठी जोडीदारात शोधू नका. आधी ते जुनं वाक्य नीट सोडवा, मग ती म्हण कोण कोणाला कुठल्या वेळी म्हणतं ते बघा, आणि मराठी म्हण सगळ्यात शेवटी. बहुतेक लिस्टमध्ये हा क्रम बरोबर उलटा असतो.

तुमच्याच म्हणीपासून सुरुवात करू, कारण या एका रचनेवर मुलं सगळ्यात जास्त घसरतात. 'इट इज अ अमुक वस्तू दॅट तमुक' असं वाक्य जुन्या इंग्रजी म्हणींमध्ये आलं की ते सरळ विधान नसतं. त्याचा खरा सूर असा असतो: 'जो वारा कोणाचंच भलं करत नाही तो म्हणजे अगदीच भयंकर वारा असला पाहिजे', आणि न बोललेला भाग असा की इतका वाईट वारा सहसा नसतोच. म्हणजे निष्कर्ष काय, तर कितीही वाईट वारा असला तरी कोणाचं ना कोणाचं त्यात भलं होतंच. शिडाच्या जहाजांच्या काळात तर हे अगदी डोळ्यासमोर दिसायचं, पूर्वेला निघालेल्याला समोरून येणारा वारा पश्चिमेला निघालेल्याला पाठीवर मिळायचा. जॉन हेवूडने 1546 मध्ये इंग्रजी म्हणींचा जो संग्रह छापला त्यातसुद्धा ही म्हण आहे, एवढी ती जुनी आहे. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर नाशिककडचं घ्या. अवकाळी पावसाने एकाचा कांदा शेतातच सडला आणि ज्याने आधीच काढून चाळीत भरला होता त्याला पुढे चांगला भाव मिळाला. इल विंड म्हणजे तो पाऊस. त्यात कोणी वाईट चिंतलेलं नाही, कोणी हावरट नाही, फक्त एकाच्या नुकसानीत दुसऱ्याचा फायदा निघाला.

आता हीच चावी दुसऱ्या कुलुपाला लावून बघा. 'इट इज अ लाँग लेन दॅट हॅज नो टर्निंग.' मुलं लिहितात, 'लांब रस्त्याला वळण नसतं'. पण आपल्या पद्धतीने सोडवलं तर: ज्या रस्त्याला एकही वळण नाही तो रस्ता फारच लांबलचक म्हणायचा, आणि असा रस्ता कुठे असतो? वळण कधीतरी येणारच, म्हणजे आजचे वाईट दिवस बदलणारच. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये 'इट इज अ वाइज फादर दॅट नोज हिज ओन चाइल्ड' असं वाक्य आहे, तेही याच साच्यातलं. त्याचा अर्थ 'शहाणा बाप मुलाला ओळखतो' असा लागत नाही, शहाण्या बापालासुद्धा आपलं मूल पूर्ण कळणं अवघड, असा लागतो. तीन म्हणी, साचा एकच. एकदा हा साचा कळला की या जातीची चौथी म्हण कुठेही भेटू दे, पाठ केलेली नसली तरी सुटते. दोनशे म्हणी पाठ करण्यापेक्षा असे चारपाच साचे ओळखणं कितीतरी सोपं आहे आणि लक्षातही राहतं.

दुसरा साचा म्हणजे आज्ञार्थ आणि मग 'अँड'. 'स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड.' मला एका वर्गात एका मुलीने अगदी मनापासून विचारलं होतं की मॅडम, यात मुलाला बिघडवा असं का सांगितलंय? प्रश्न शंभर टक्के बरोबर होता, कारण व्याकरणाने बघायला गेलं तर दोन आज्ञा दिल्यात, छडी बाजूला ठेवा आणि मुलाला बिघडवा. पण इथला 'अँड' हा 'तर' आहे. छडी आवरलीत तर मूल बिघडेल. आपण मराठीत नाही का म्हणत, 'एकदा त्याला घरात घे आणि बघ काय होतं ते', त्यातला 'आणि' असाच असतो, ती आज्ञा नाही, इशारा आहे. 'गिव्ह हिम ॲन इंच अँड ही विल टेक अ माइल' हेही तसंच, इंचभर दिलंत तर मैलभर घेईल, आपली 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' तिच्या अगदी जवळ जाते. छडीची कल्पना मुळात बायबलच्या जुन्या करारातली आहे, नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायात, पण आज आपण जे शब्द म्हणतो ते सॅम्युअल बटलरच्या सतराव्या शतकातल्या 'ह्युडिब्रास' नावाच्या कवितेतून रूढ झाले. आणि एक गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगते, की म्हण समजणं वेगळं आणि म्हण पटणं वेगळं. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. 'छडी लागे छमछम' काय किंवा ही इंग्रजी म्हण काय, जुन्या लोकांना काय वाटायचं ते कळण्यासाठी शिकायची.

तिसरा घोळ 'ऑल' आणि 'नॉट'चा. 'ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड.' शब्दाला शब्द लावला तर अर्थ होतो, चकाकणारं काहीच सोनं नसतं, जे साफ खोटं आहे, सोनंही चकाकतंच की. जुन्या इंग्रजीत 'ऑल... नॉट' ही रचना 'नॉट ऑल' या अर्थाने सर्रास वापरायचे. म्हणजे चकाकतं ते *सगळंच* सोनं नसतं. मराठीत हा एवढा मोठा फरक आपण एका 'च'ने करतो, म्हणून मराठीत ही म्हण लिहिताना तो 'च' सोडू नका. शेक्सपिअरमध्ये मूळ शब्द 'ग्लिस्टर्स' आहे, तोही 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्येच, मोरोक्कोचा राजपुत्र सोन्याची पेटी उघडतो आणि आत कवटी आणि चिठ्ठी निघते, त्या चिठ्ठीची पहिली ओळ हीच. 'ऑल दॅट ग्लिटर्स' असं कुणी म्हटलं तर ते चूक समजू नका, आज तेच रूढ आहे.

आता शब्दांकडे. वाक्य सुटलं तरी एखादा शब्द जुन्या अर्थाने बसलेला असतो आणि तो दिसायला अगदी साधा असतो, म्हणून डिक्शनरी उघडावीशीच वाटत नाही. 'यू कान्ट हॅव युअर केक अँड ईट इट टू.' मुलांना वाटतं की केक घेतला की तो खायचाच असतो, मग दोन्ही का नाही करता येणार? इथला 'हॅव' म्हणजे घेणं किंवा खाणं नव्हे, जवळ शाबूत ठेवणं. केक खाल्लात की तो उरत नाही, दोन्ही फायदे एकदम मिळणार नाहीत. हेवूडच्या संग्रहात क्रम उलटा आहे, आधी खाणं मग ठेवणं, आणि तसा क्रम लावला की अर्थ लगेच उजेडात येतो. या क्रमाची एक खरी घटना आहे. अमेरिकेत 1995 मध्ये 'युनाबॉम्बर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या, टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या अज्ञात माणसाचा लांबलचक जाहीरनामा वर्तमानपत्रात छापला गेला, त्यात ही म्हण जुन्या क्रमाने होती, आणि ज्याच्यावर संशय होता त्या थिओडोर काझिन्स्कीच्या एका जुन्या पत्रातही ती तशीच सापडली. त्याच्या लिखाणाशी जाहीरनामा जुळवताना जे भाषेचे धागे मिळाले त्यातला हा एक होता, कारण आता बहुतेक लोक तसं म्हणत नाहीत.

'द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग' मधलं 'प्रूफ' म्हणजे पुरावा नाही, चाचणी. छापखान्यात प्रुफं तपासतात त्यातलं प्रूफ, छापण्याआधीची चाचणीची प्रत. आणि पुडिंग म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतं ते कस्टर्डसारखं गोड काही नव्हे, त्या काळी आतड्यात मांस वगैरे भरून शिजवलेला पदार्थ असायचा, बाहेरून काहीच कळायचं नाही की आत काय भरलंय, खाल्लं तरच कळायचं. एवढं चित्र डोळ्यासमोर आलं की म्हण पाठ करायची गरजच उरत नाही.

पण हाच चाचणीचा अर्थ लोक 'द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल'ला लावायला जातात आणि तिथे गल्लत होते. ही म्हण माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीची वापरली जाणारी आहे, इंग्रजी मातृभाषा असलेले सुद्धा चुकतात. कोणी म्हणतं 'आमच्या गल्लीतली सगळी पोरं आळशी', दुसरा म्हणतो 'अरे पण तो अमका बघ किती कष्टाळू', की पहिला लगेच 'एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल'. असं कसं? विरुद्ध उदाहरण मिळालं तर नियम कच्चा ठरतो, पक्का कसा होईल? मूळ कल्पना कोर्टातली आहे. इसवी सन पूर्व 56 मध्ये सिसेरो या नामांकित वक्त्याने रोममध्ये बाल्बस नावाच्या माणसाच्या नागरिकत्वाचा खटला लढवला. विरोधी बाजू म्हणत होती की काही जमातींशी झालेल्या तहात त्यांच्या लोकांना नागरिकत्व देऊ नये असं लिहिलंय. सिसेरोचा मुद्दा असा की काही तहांमध्ये मुद्दाम तसं लिहावं लागलं, याचाच अर्थ जिथे तसं लिहिलेलं नाही तिथे नागरिकत्व देता येतं. पुढे कायद्याच्या लॅटिनमध्ये त्याचं सूत्र झालं, की अपवाद केलाय यावरून बाकीच्यांसाठी नियम आहे हे सिद्ध होतं. 'रविवारी पार्किंग मोफत' अशी पाटी दिसली तर बाकीच्या दिवशी पैसे पडतात हे वेगळं सांगायला लागत नाही, तेच हे. परीक्षेत मात्र पर्याय वाचून ठरवा, कारण पेपर काढणारा बरेचदा ढिला, रूढ झालेला अर्थ धरून चालतो.

यानंतर येते हवा आणि जमीन, आणि हा भाग मला शिकवायला फार आवडतो. इंग्रजी म्हणी ज्या देशात तयार झाल्या तिथे ऊन दुर्मीळ आणि पाऊस कटकटीचा. आपल्याकडे मराठवाड्यातल्या माणसाला विचारा ढग कसा दिसतो. त्यामुळे 'एव्हरी क्लाउड हॅज अ सिल्व्हर लायनिंग' मध्ये ढग म्हणजे संकट हे आपल्या मुलाला आतून जाणवतच नाही, त्याला ते सांगावं लागतं. ही कल्पना मिल्टनच्या 1634 च्या 'कोमस'मधून आलेली आहे, त्यात रात्रीच्या काळ्या ढगाची रुपेरी बाजू उलटून दिसते. लायनिंग म्हणजे कोटाचं आतलं अस्तर, आपण वर्तमानपत्रात 'रुपेरी किनार' लिहितो पण किनार काठाला असते आणि हे अस्तर आतून आहे, काळ्या कापडाच्या आत चांदी. 'सेव्ह इट फॉर अ रेनी डे' मध्येही पावसाचा दिवस म्हणजे कमाई नसलेला, अडचणीचा दिवस. इथे आपली 'पावसाळ्याची बेगमी' बरोब्बर जुळते, कोकणातल्या माणसाला हे एका क्षणात कळतं.

'मेक हे व्हाइल द सन शाइन्स' जरा थांबून बघा. यातला 'हे' हा इंग्रजी शब्द, म्हणजे जनावरांसाठी वाळवलेलं गवत. कापलेलं गवत दोनतीन दिवस उन्हात पडून वाळायला लागतं, मध्येच पाऊस आला तर कुजतं, आणि तिकडच्या उन्हाळ्यात पाऊस कधीही येतो. म्हणजे ऊन पडलंय ना, मग बाकी सगळं सोडून आधी गवताचं काम. आपल्या लिस्टमध्ये याच्यासमोर काय असतं? 'वाहत्या गंगेत हात धुवून घेणे' किंवा 'तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे'. आता तुम्हीच सांगा, कोणाबद्दल आपण म्हणतो की त्याने वाहत्या गंगेत हात धुवून घेतले? संधीसाधू माणसाबद्दल. त्यात थोडी नावं ठेवण्याची छटा आहे, दुसऱ्याच्या गोंधळात आपला फायदा. इंग्रजी म्हणीत ते नाही, तिथे सरळ कष्टाची गोष्ट आहे, वेळ हातात आहे तोवर राबून घ्या. माझ्या मते मराठीतली जवळची गोष्ट म्हणजे वाफसा. पाऊस पडून गेला, जमीन ना चिखल ना कोरडी, वाफसा आला की शेतकरी लग्नकार्य बाजूला ठेवून पेरणीला जातो, कारण चार दिवसांनी तो वाफसा राहणार नाही. एका शेतकऱ्याच्या मुलाला मी हे सांगितलं आणि त्याने ही म्हण निबंधात इतकी चपखल वापरली की तशी पुस्तकातही वाचली नव्हती मी.

मराठी जोड्यांबद्दल आता सांगते. जोडी लावूच नये असं मी म्हणत नाही, काही जोड्या अगदी नखासकट जुळतात. 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' आणि 'नाचता येईना अंगण वाकडे', 'कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ' आणि 'अंथरूण पाहून पाय पसरावे', यात काही शंकाच नाही. सगळ्यात सुंदर जोडी मला वाटते ती 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ' ची. घोड्याचं वय दातांवरून कळतं, म्हणून विकत घेणारा तोंड उघडून बघतो, पण भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून वय मोजणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. ही म्हण संत जेरोमच्या काळातही, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकात लॅटिनमध्ये प्रचलित होती. आणि आपल्याकडे? 'धर्माची गाय आणि दात का गं नाय?' तेच दात, तेच दान, फक्त घोड्याच्या जागी गाय. ज्यांनी बैलबाजार बघितलाय त्यांना आदत, दुसा, चौसा हे शब्द माहीत असतील, सगळा हिशोब दातांचाच.

पण काही जोड्या गोड दिसतात आणि फसवतात. 'द ग्रास इज ऑलवेज ग्रीनर ऑन द अदर साइड ऑफ द फेन्स' समोर हमखास 'दुरून डोंगर साजरे' असतं. डोंगर लांबून छान दिसतो, जवळ गेलं की खाचखळगे दिसतात, भर त्या डोंगराच्या खऱ्या रूपावर आहे. इंग्रजीत भर बघणाऱ्याच्या मनावर आहे, त्याला शेजाऱ्याचंच सगळं चांगलं वाटतं, स्वतःकडे तेवढंच असलं तरी. नोकरी सोडून दुसरीकडे जाऊ बघणाऱ्या मित्राला इंग्रजीतली म्हण लागू पडते, न बघितलेल्या गावाची स्तुती करणाऱ्याला मराठीतली. 'चॅरिटी बिगिन्स ॲट होम' आणि 'आधी पोटोबा मग विठोबा' ही जोडी तर मी मुलांच्या वह्यांतून खोडायला लावते. पोटोबा म्हणजे स्वतःचं पोट. चॅरिटी म्हणजे इथे माया आणि जबाबदारी, ती आधी घरच्यांबद्दल असावी, आणि म्हणीत 'बिगिन्स' आहे, तिथे सुरू होते, तिथेच संपत नाही. लोक मात्र ही म्हण बाहेरच्याला मदत नाकारण्यासाठीच वापरतात, त्यामुळे ऐकताना बोलणाऱ्याचा हेतू कुठला ते बघावं लागतं.

काही म्हणींना दोन अर्थ आहेत आणि दोन्ही खरे आहेत. 'अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस.' इंग्लंडात मूळ अर्थ असा, की सारखी जागा बदलणाऱ्याजवळ काही साठत नाही, ना पैसा ना माणसं. मॉस म्हणजे इथे चांगली गोष्ट. नंतर, विशेषतः अमेरिकेत, लोकांना वाटायला लागलं की मॉस म्हणजे साचलेपणा, फिरतं राहणं हेच चांगलं. आपल्या मुलांना शेवाळ म्हटलं की पावसाळ्यात घसरवणारी पायरी आठवते, म्हणून ती आपसूक दुसऱ्या अर्थाकडे जातात. परीक्षेत पहिला अर्थ धरा, गप्पांमध्ये समोरच्याचा सूर बघा. 'स्टिल वॉटर्स रन डीप'चंही असंच. आज शांत माणसाचं कौतुक म्हणून म्हणतात, तो कमी बोलतो पण विचार खोल आहे. शेक्सपिअरच्या 'हेन्री सिक्स्थ'च्या दुसऱ्या भागात हीच कल्पना येते ती मात्र संशय म्हणून, वरून साधा दिसतोय पण आत फितुरी लपलीय असं सफोक नावाचा सरदार सांगतो. म्हणून लिस्टमध्ये तिच्यासमोर एकच ओळ वाचलीत तर अर्धीच म्हण वाचलीत.

आणि ही एक गोष्ट कळकळीने सांगते, कारण सध्या मोबाइलवर याचा सुळसुळाट झालाय. 'अमक्या म्हणीचा पुढचा भाग तुम्हाला माहीत नाही' अशा पोस्ट येतात. 'ब्लड इज थिकर दॅन वॉटर' मुळात म्हणे उलट होती, की कराराचं रक्त गर्भाच्या पाण्यापेक्षा घट्ट. याला जुना लेखी पुरावा कुठेही नाही, हे अलीकडच्या काळात कोणीतरी जोडलेलं आहे. 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स, मास्टर ऑफ नन' च्या पुढे 'तरी एकाच कलेच्या मास्टरपेक्षा बरा' असं शेपूट लावतात, तेही तसंच. 'क्युरिऑसिटी किल्ड द कॅट'च्या पुढचं 'सॅटिस्फॅक्शन ब्रॉट इट बॅक' विसाव्या शतकातली भर आहे, उलट त्या म्हणीत सुरुवातीला क्युरिऑसिटीही नव्हती, 'केअर' होती, म्हणजे काळजी, चिंता. बेन जॉन्सनच्या 1598 च्या नाटकात चिंतेनेच मांजर मरतं. आपली चिता आणि चिंता आठवा.

पण म्हणून सगळीच शेपटं खोटी असंही नाही. 'मनी इज द रूट ऑफ ऑल ईव्हिल' ही खरोखर तुटलेली आहे. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये वाक्य 'द लव्ह ऑफ मनी'ने सुरू होतं. पैसा वाईट नाही, पैशाचा लोभ वाईट. 'अ लिटल नॉलेज इज अ डेंजरस थिंग', म्हणजे अर्धवट ज्ञान घातक, असं जे म्हणतात ते अलेक्झांडर पोपच्या 1711 च्या कवितेत 'अ लिटल लर्निंग' आहे. रॉबर्ट फ्रॉस्टच्या 1914 च्या कवितेतली 'गुड फेन्सेस मेक गुड नेबर्स' ही ओळ तर कवीचं मत म्हणून सांगितली जाते, पण कवितेत ते शेजारी म्हणतो, आणि बोलणारा मात्र विचारतोय की भिंत हवी तरी कशाला. खरंखोटं करायचं असेल तर अशी डिक्शनरी बघा जी प्रत्येक म्हणीची जुनी नोंद सालासकट देते. साल नसलेल्या पोस्टवर विसंबू नका.

आता वापर. बोलताना इंग्रज माणूस पूर्ण म्हण क्वचित म्हणतो, अर्धीच टाकतो. 'वेल, व्हेन इन रोम...' एवढंच म्हणून समोरचं जेवायला लागतो. पुढचं 'डू ॲज द रोमन्स डू' तुम्हाला माहीत असणार असं तो गृहीत धरतो. ही म्हण संत अँब्रोज आणि ऑगस्टीन यांच्या काळातल्या एका साध्या अडचणीवरून आलीय, शनिवारी उपास धरायचा की नाही, तर रोममध्ये असताना अँब्रोज धरायचे आणि मिलानमध्ये नाही. आपल्या 'देश तसा वेश'चं जणू उपासाचं रूप. ऑफिसमध्ये 'टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ' (आचारी जास्त झाले की रस्सा बिघडतो) मधलं 'टू मेनी कुक्स' एवढंच कोणी म्हटलं तर समजायचं की मीटिंगला माणसं जास्त झालीत. म्हणून पाठ करताना पहिला अर्धा भाग ऐकून दुसरा आठवतो का हे बघा, कॉम्प्रिहेन्शनच्या उताऱ्यातही बरेचदा अर्धीच असते. आणि स्वतः वापरताना जरा जपून, मयताच्या घरी 'एव्हरी क्लाउड' म्हणणं इंग्रजीतही तितकंच बोचतं जितकं मराठीत बोचेल.

दोन म्हणी एकमेकींच्या विरुद्ध दिसल्या, 'मेनी हँड्स मेक लाइट वर्क' आणि 'टू मेनी कुक्स', 'लुक बिफोर यू लीप' आणि 'ही हू हेझिटेट्स इज लॉस्ट', तर गोंधळू नका. शेंगा फोडायला दहा हात हवेतच, आमटीत मीठ टाकायला एकच.

वहीत लिहायची माझी पद्धत अशी आहे. म्हण, तिच्याखाली सुटं केलेलं वाक्य साध्या मराठीत, मग एक प्रसंग, आपल्याच घरातला किंवा गल्लीतला, कोण कोणाला म्हणेल ते नातं लिहून. जसं 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' (वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ वाचवतो) च्या खाली मुलीने लिहावं: आईने बाबांना म्हटलं, नळ आत्ताच ठिबकतोय तोवर वायसर बदला नाहीतर पुढच्या महिन्यात पाइप फोडावा लागेल. नऊ टाके म्हणजे तो पाइप. आणि 'इन टाइम' म्हणजे वेळेवर, काळातला टाका वगैरे नाही. मराठी म्हण सुचली तर शेवटी कंसात, नाही सुचली तर जागा रिकामी ठेवा, ओढूनताणून भरू नका.

मुलीला म्हणीवर आयडिया एक्स्पांड करायला आली तर तिला सांगा, सुरुवातीच्या दोनतीन वाक्यांत शब्दशः चित्र उलगडायचं, गवत, ऊन, पाऊस जे असेल ते, मग त्याचा माणसाच्या वागण्याशी संबंध, मग आपलं स्वतःचं उदाहरण, आणि ही म्हण कुठे लागू पडत नाही त्याची एखाददुसरी ओळ. तपासणाऱ्याला ससा-कासवाच्या गोष्टी शेकड्याने वाचायला मिळतात, वाफशाची गोष्ट नाही मिळत.

तुमच्या पेपरात मात्र चार पर्याय असतील. साधारण एक पर्याय शब्दाला शब्द लावलेला असतो, एक बरोबर उलटा, एक शेजारच्या म्हणीचा अर्थ, आणि एक खरा. समजा 'इट इज अ लाँग लेन दॅट हॅज नो टर्निंग' आली आणि पर्याय आहेत: लांबचा रस्ता सरळ असतो, परिस्थिती कधीच बदलत नाही, घाई केली की काम बिघडतं, वाईट काळ केव्हातरी पालटतो. पहिला शब्दशः, लगेच उडवा. तिसरा 'हेस्ट मेक्स वेस्ट'चा आहे, इथे घाईचा विषयच नाही. राहिले दुसरा आणि चौथा, दोन्ही एकमेकांच्या उलट, आणि आता साचा लावा: बिनवळणाचा रस्ता असला तर तो फारच लांब म्हणायचा, म्हणजे वळण येणारच. चौथा. तुमच्या 'इल विंड'लाही हेच करून बघा, आणि त्या पीडीएफमधल्या ज्या म्हणी 'इट इज' ने सुरू होतात त्या आधी बाजूला काढून त्यांच्यावर एक संध्याकाळ घालवा.